कुर्बान हुसेन कोणाचे प्रतिनिधी होते?

दरवर्षी १२ जानेवारीला सोलापूरच्या चार हुतात्मा चौकात सकाळपासून वर्दळ असते. पुतळ्यांना हार घातले जातात, शाळेची मुले रांगेने उभी राहतात, अधिकारी आणि पुढारी येऊन जातात. याच आठवड्यात सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असते, त्यामुळे शहर तसेही माणसांनी भरलेले असते. चौकातल्या भाषणांत एक वाक्य हमखास ऐकू येते. मल्लप्पा धनशेट्टी लिंगायत, जगन्नाथ शिंदे मराठा, श्रीकिसन सारडा मारवाडी आणि कुर्बान हुसेन मुसलमान. चौघे एकाच दिवशी फासावर गेले, हीच आपली एकता.

लहानपणी हे वाक्य ऐकताना छाती फुगायची. चार नावांत एक नाव आपले आहे, हा आधार वाटायचा. आता मात्र मी त्या वाक्यापाशी अडखळतो. कारण कार्यक्रम संपल्यावर कुणीतरी ओळखीचा माणूस खांद्यावर हात ठेवून प्रेमाने म्हणतो, "तुमचे कुर्बान हुसेनही होते की त्यात." त्याच्या मनात वाईट काही नसते. पण 'तुमचे' हा शब्द घरी येईपर्यंत सोबत येतो. आणि संध्याकाळी आपल्या मोहल्ल्यातल्या सभेत वक्ता उभा राहून सांगतो, "आमचे कुर्बान हुसेन." तिथेही तेच होते. एका शहरासाठी गेलेला तरुण सकाळी 'तुमचा' असतो, संध्याकाळी 'आमचा' असतो, शहराचा तो कधी होतो?

हा प्रश्न भावनेचा वाटतो, पण तो लोकशाहीचाही आहे. वेगवेगळ्या धर्मांची, जातींची, भाषांची माणसे एका मतपेटीभोवती आणायची, तर प्रत्येकाला त्याच्या गटाचा प्रतिनिधी मानायचे की नागरिक मानायचे? गेली शंभर वर्षे भारत या प्रश्नाशी झुंजतो आहे आणि सोलापूरने त्याची किंमत इतरांच्या आधी मोजली आहे.

बादशाहीतले शेजारपण

सोलापूर एका रंगाचे शहर कधीच नव्हते. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी इथे तलाव खोदवला, मंदिरे उभारली. त्यांची वचने कन्नडात आहेत. चौदाव्या शतकात बहामनी काळात इथे भुईकोट किल्ला उभा राहिला. पुढे अहमदनगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही या किल्ल्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या भांडत राहिल्या. दोन्ही घराण्यांच्या सोयरिकीत सोलापूर हुंड्याची वस्तू झाले. चाँदबिबी विजापूरची सून झाली तेव्हा हा किल्ला आदिलशाहीकडे गेला. पहिल्या इब्राहिम आदिलशहाने महसुलाचे हिशेब फारसीऐवजी देशी भाषेत ठेवायला लावले आणि त्या दफ्तरांत इथले ब्राह्मण कारकून बसले. दुसरा इब्राहिम तर सरस्वती आणि गणपतीचे स्तवन करणारी पदे रचत होता.

आपण मुसलमान लेखक हा इतिहास मोठ्या हौसेने सांगतो. सांगायलाही हवा, कारण तो दडपला जातो. पण त्यातली एक गोष्ट आपण सोडून देतो. ते शेजारपण राजाच्या मर्जीवर आणि गरजेवर उभे होते. महसूल गोळा करायला गावचा पाटील, कुलकर्णी हवा होता, लढायला मराठा सरदार हवे होते, म्हणून त्यांना मान होता. सुलतान उदार असला तर रयत सुखात, नसला तर तिने सोसायचे. एक मात्र खरे, त्या व्यवस्थेत कोण किती टक्के आहे याला काही अर्थ नव्हता. राजा एकच होता आणि तो मोजणीने ठरत नव्हता.

लोकशाहीने माणसाला हक्क दिला आणि त्याच क्षणी संख्येला किंमत दिली. १८७२ पासून इंग्रजांनी शिरगणती सुरू केली. शतकानुशतके शेजारी राहिलेल्या माणसांना पहिल्यांदाच कळले की आपण 'बहुसंख्य' आहोत किंवा 'अल्पसंख्य' आहोत. १९०९ च्या मोर्ले-मिंटो कायद्याने मुसलमानांना स्वतंत्र मतदारसंघ मिळाले. मुसलमान उमेदवाराला मुसलमानांनीच मत द्यायचे. अल्पसंख्याकाला आवाज मिळाला हे खरे, पण त्या आवाजाला दुसऱ्या कुणाला पटवण्याची गरज उरली नाही. हिंदू उमेदवारालाही मुसलमानाच्या दारात जाण्याचे कारण राहिले नाही. एकाच गल्लीतल्या दोन घरांचे राजकारण वेगळे झाले.

भोंग्यावर चालणारे शहर

सोलापुरात याच काळात उलट दिशेने काहीतरी घडत होते. १८७६-७७ च्या दुष्काळात माणसे पोट भरायला शहराकडे आली आणि १८७७ साली इथली पहिली कापड गिरणी उभी राहिली. सोलापूरकर तिला जुनी गिरणी म्हणतात. पुढे विष्णू, लक्ष्मी, नरसिंग गिरजी अशा गिरण्या आल्या. निजामाच्या मुलखातून तेलुगू बोलणारे पद्मशाली विणकर आले आणि शहराचा पूर्व भाग त्यांनी वसवला. मोमीन विणकर होतेच. अक्कलकोटकडून कन्नड बोलणारे आले, राजस्थानातून व्यापारी आले, आसपासच्या खेड्यांतून मराठे, महार, मांग, धनगर आले. घरात तेलुगू, कन्नड किंवा दखनी, बाजारात मराठी, आणि भांडण झाले की सगळ्यांचे सारखेच 'काय बे!' अशी या शहराची भाषा झाली.

त्याचे कौतुक करताना हेही सांगितले पाहिजे की गिरणीने माणसे जवळ आणली, पण सगळ्या भिंती पाडल्या नाहीत. वस्त्या जातीनुसारच राहिल्या, पाणवठे वेगळेच राहिले. पण भोंगा सगळ्यांना एकाच वेळी उठवत होता आणि पगारकपात सगळ्यांची एकाच दिवशी होत होती. माणसांना एकत्र येण्यासाठी एकमेकांवर प्रेमच असावे लागते असे नाही. एकसारखी अडचण आणि ती बोलून दाखवायची एक जागाही पुरते.

कुर्बान हुसेन या शहरात वाढले. त्यांचे पूर्ण नाव अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. विशीतला हा तरुण गिरणी कामगारांत वावरत होता आणि 'गझनफर' नावाचे पत्र काढत होता. गझनफर म्हणजे सिंह. तो काळ आठवा. खिलाफत चळवळ विझली होती. १९२४ मध्ये कोहाट, १९२७ मध्ये नागपूर अशा दंगलींनी देश पोळला होता. अशा वेळी एक मुसलमान पत्रकार मिश्र वस्तीच्या शहरात काँग्रेसच्या चळवळीत उतरतो, तेव्हा त्याला दोन्हीकडून काय ऐकावे लागले असेल याची कल्पना आज वर्तमानपत्र वाचणाऱ्या कुणालाही करता येईल.

१९३० चे सोलापूर

६ एप्रिल १९३० रोजी गांधीजींनी दांडीला मीठ उचलले. त्याच दिवशी सोलापूर नगरपालिकेच्या इमारतीवर तिरंगा लागला. इंग्रज राज्यात, इंग्रजांच्या कायद्याने चालणाऱ्या एका निवडून आलेल्या संस्थेने हे केले. आपण फाशीची आठवण ठेवतो, पण मला हा झेंडा तितकाच महत्त्वाचा वाटतो. मर्यादित मताधिकाराची का होईना, ती सभागृहातली कृती होती. मते देऊन निवडलेल्या माणसांनी सांगितले की या शहराचे मालक कोण आहेत.

५ मे रोजी गांधीजींना अटक झाली. सोलापूर बंद पडले, गिरण्या थांबल्या. ८ मे रोजी रूपाभवानीच्या परिसरात लोकांनी शिंदीची झाडे तोडायला सुरुवात केली. पोलीस आले, वातावरण तापले, गोळीबार झाला. झेंडा घेऊन पुढे निघालेला शंकर शिवदारे हा तरुण गोळी लागून पडला. जमाव बेभान झाला. मंगळवार पेठ पोलीस चौकीत दोन पोलीस मारले गेले, न्यायालयाच्या इमारतीला आग लावली गेली. ते दोन पोलीसही याच मातीतले, नोकरीवर उभे असलेले गरीब होते, हे आपल्या भाषणांत कधी येत नाही. गौरवाच्या इतिहासातही अशी जागा ठेवावी लागते.

त्यानंतर इंग्रज अधिकारी शहराबाहेर सरकले आणि तीन दिवस सोलापुरात सरकार नावाची गोष्ट उरली नाही. काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी शहराची व्यवस्था पाहिली. मला राहून राहून वाटते की हे तीन दिवस आपण पुरेसे वाचलेले नाहीत. राज्य नाही, पोलीस नाहीत आणि शहरात डझनभर जाती, तीन-चार धर्म, चार भाषा. अशा वेळी शेजारी शेजाऱ्यावर तुटून पडायला काय लागते? इंग्रज तर सतत हेच सांगत होते की आम्ही गेलो की तुम्ही एकमेकांचे गळे कापाल. सोलापुरात त्या तीन दिवसांत हिंदू-मुसलमान दंगल झाली नाही.

१२ मे रोजी लष्करी कायदा लागू झाला आणि ३० जूनपर्यंत, एकोणपन्नास दिवस, चालला. गांधी टोपी घालणे, झेंडा घेऊन निघणे हा गुन्हा ठरला. जवाहरलाल नेहरूंनी आत्मचरित्रात सोलापूरच्या या दिवसांची आणि झेंडा नेण्यावरच्या बंदीची नोंद केली आहे. पुढे मंगळवार पेठेतल्या खुनांच्या खटल्यात धनशेट्टी, शिंदे, सारडा आणि कुर्बान हुसेन यांना फाशीची शिक्षा झाली. या खुनांशी चौघांचा काही संबंध नव्हता, चळवळीतली माणसे निवडून गोवली गेली, असे सोलापूरकर आजही मानतात. वरच्या न्यायालयांतही शिक्षा कायम राहिली. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात चौघांना फाशी दिले गेले.

सरकारने चौघांना जातवार निवडले नव्हते आणि चौघे जातवार चळवळीत गेले नव्हते. त्यांना कुणीही आपापल्या समाजाचा प्रतिनिधी म्हणून पाठवले नव्हते. ते एका शहरात राहत होते आणि त्या शहराच्या कामात सापडले. विविधता तिथे आपोआप होती, कारण शहरच तसे होते. भाषणातले वाक्य इथे चुकते. ते परिणामाला कारण समजते.

येरवड्याची दुसरी गोष्ट

चौघांना फाशी झाली तेव्हा गांधीजीही येरवड्यातच कैदेत होते. चौदा दिवसांनी, २६ जानेवारीला, त्यांची सुटका झाली. पुढच्या वर्षी ते पुन्हा त्याच तुरुंगात आले आणि २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. म्हणजे एकाच तुरुंगाच्या भिंतींनी वीस महिन्यांच्या अंतराने दोन प्रसंग पाहिले. एकात चार जातिधर्मांची माणसे एकत्र गेली. दुसऱ्यात अशी माणसे एकत्र मतदान कसे करणार याचा वाद मिटवावा लागला.

बाबासाहेब आंबेडकरांचा या प्रश्नावरचा प्रवास आपण मुसलमानांनी नीट अभ्यासण्यासारखा आहे. १९२९ साली सायमन कमिशनला सहकार्य करणाऱ्या मुंबई प्रांताच्या समितीत असताना त्यांनी आपला स्वतंत्र अहवाल दिला. त्यात त्यांनी जातीय मतदारसंघांना विरोध केला होता आणि संयुक्त मतदारसंघात राखीव जागा असाव्यात, असे सुचवले होते. दोन वर्षांनी गोलमेज परिषदेत त्यांनीच दलितांसाठी स्वतंत्र मतदारसंघ मागितले. शेवटी पुणे करारात संयुक्त मतदारसंघ आणि १४८ राखीव जागा यावर तडजोड झाली. यात विसंगती शोधणारे शोधोत. मला त्यात एका कोंडीचा प्रामाणिक हिशेब दिसतो. एकत्र मतदान करायचे तर दुसऱ्यावर भरवसा हवा. भरवसा नसेल तर वेगळे होणे सुरक्षित वाटते. वेगळे झाले की भरवसा कधीच तयार होत नाही.

या कोंडीची जगभरची उत्तरे वेगवेगळी आहेत. लेबनॉनने १९४३ मध्ये पदेच वाटून टाकली: राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट ख्रिश्चन, पंतप्रधान सुन्नी, सभापती शिया. प्रत्येकाला वाटा मिळाला, पण नेता आपल्याच पंथाला उत्तर देत राहिला आणि देश १९७५ पासून पंधरा वर्षे यादवीत जळला. दुसऱ्या टोकाला फ्रान्स आहे. तिथे राज्याला फक्त नागरिक दिसतो, त्याचा धर्म किंवा वंश मोजायचाच नाही. ऐकायला हे छान आहे, पण ज्याच्यावर त्याच्या नावामुळे अन्याय होतो त्याने तो कोणत्या कागदावर दाखवायचा?

भारताने मधली वाट धरली. संविधान सभेने स्वतंत्र मतदारसंघ रद्द केले. धार्मिक अल्पसंख्याकांसाठी राखीव जागा ठेवायचे आधी ठरले होते, पण मे १९४९ मध्ये तेही सोडून दिले. मद्रासचे मुहम्मद इस्माईल अखेरपर्यंत स्वतंत्र मतदारसंघांसाठी लढले. बेगम ऐजाज रसूल आणि तजम्मुल हुसेन यांनी मात्र राखीव जागांनाही ठाम नकार दिला. राखीव जागा मुसलमानाला कायमचे बाजूला बसवतील, अशी त्यांची भूमिका होती. त्या बदल्यात संविधानाने कलम २५ ते ३० मध्ये धर्म, भाषा, लिपी, संस्कृती आणि शिक्षणसंस्था यांचे हक्क दिले. मत नागरिक म्हणून द्या, जगा मात्र जसे आहात तसे, असा तो सौदा होता.

सौद्याची दुसरी बाजू

हा सौदा सोलापुरात काही बाबतीत चांगला चालला. १९५६ ची भाषावार प्रांतरचना झाली, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, आणि १९६७ मध्ये महाजन आयोगाने अक्कलकोट, दक्षिण सोलापूर कर्नाटकात घालावे असे सुचवले. त्यावरून बरीच वादळे उठली. पण सोलापूरच्या महापालिकेच्या शाळांत मराठीबरोबर उर्दू, कन्नड, तेलुगू माध्यमाचे वर्ग भरत राहिले. कन्नड शाळेत जाणाऱ्या पोराला कुणी विचारले नाही की तू महाराष्ट्राचा की कर्नाटकाचा. मराठी शाळेत गेलेला मुसलमान आणि उर्दू शाळेत गेलेला मुसलमान दोघेही सोलापूरकरच राहिले.

कुंभारीला गेलात तर दुसरे उदाहरण दिसेल. विडी वळणाऱ्या बायकांनी नरसय्या आडम मास्तरांच्या नेतृत्वाखाली वर्षानुवर्षे मोर्चे काढले आणि २००६ मध्ये गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. पुढे रे नगरची हजारो घरे आली. तेलुगू पद्मशाली, मुसलमान, दलित बायका एकाच संघटनेच्या सभासद होत्या. त्यांच्या मागण्यांच्या यादीत धर्म नव्हता, छप्पर होते. १९३० च्या गिरणी कामगारांची नात त्या मोर्च्यात मला दिसते.

पण सगळे असे गोड नाही. ऑक्टोबर २००२ मध्ये याच शहरात दंगल झाली. अमेरिकेतल्या एका धर्मोपदेशकाने पैगंबरांविषयी अपशब्द काढले, त्याच्या निषेधाचा बंद झाला आणि सोलापुरात माणसे मेली, दुकाने जळाली. १९३० मध्ये तीन दिवस सरकार नसताना जे घडले नाही, ते २००२ मध्ये सरकार, पोलीस, महापालिका सगळे असताना घडले. मधल्या काळात गिरण्या बंद पडल्या होत्या. एकत्र उठवणारा भोंगा गेला होता. त्याच्या जागी प्रत्येकाचा वेगळा चौक, वेगळा झेंडा, वेगळा भोंगा आला होता.

आणि प्रतिनिधित्वाचे काय? २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात मुसलमान सुमारे साडेअकरा टक्के आहेत. २८८ जणांच्या विधानसभेत २०१९ मध्ये दहा मुसलमान निवडून आले, २०२४ मध्येही दहाच. २०२४ च्या लोकसभेत महाराष्ट्रातून एकही नाही. अंतुले १९८० मध्ये या राज्याचे मुख्यमंत्री झाले होते, हे आजच्या तरुणाला सांगितले तर त्याला खोटे वाटते. बेगम ऐजाज रसूल यांनी बहुसंख्याकांवर जो भरवसा टाकला, त्याचा हा ताळेबंद आहे. संयुक्त मतदारसंघात अल्पसंख्याकाने सगळ्यांची मते मागायची हे ठरले. पण मोठे पक्ष त्याला तिकीटच देणार नसतील, तर तो मागायला जाणार कुठे?

इथे आपल्याकडचा एक सूर मला ऐकू येतो: मग आपला वेगळा पक्ष, आपला वेगळा माणूस. त्यामागचा संताप मी समजतो. पण १९०९ चा धडा विसरून चालणार नाही. फक्त आपल्या मतांवर निवडून आलेला माणूस सभागृहात ओरडू शकतो, ठराव संमत करू शकत नाही. शिवाय त्याला पाहून समोरचाही आपल्या माणसांना एकजूट करतो, आणि मोजणीत हरणार कोण हे आधीच ठरलेले असते. त्याच वेळी बहुसंख्य समाजातल्या मित्रांनाही सांगायला हवे की भरवसा एकाच बाजूने टाकायचा नसतो. ज्या प्रभागात मुसलमान दहा टक्के आहेत तिथेही मुसलमान उमेदवार देऊन त्याच्यासाठी फिरणे, हे तुमच्या वाट्याचे काम आहे. हुतात्मा दिनाच्या हारापेक्षा ते अवघड आहे.

लोकशाही आणि विविधता यांचा समतोल तराजूसारखा एकदा साधून ठेवता येत नाही. तो मागावरच्या कापडासारखा असतो. ताणा कुणाचा, बाणा कुणाचा हे विणकराला माहीत असते, पण एक सूत ढिले पडले की पूर्ण चादर बिघडते. हे सोलापूरकराला वेगळे समजावून सांगायला नको.

पुढच्या १२ जानेवारीला मी पुन्हा चौकात जाईन. कुणी "तुमचे कुर्बान हुसेन" म्हणाले, तर यावेळी गप्प राहणार नाही. म्हणेन, "आपले म्हणा की." आणि धनशेट्टींच्या पुतळ्याला हार घालताना स्वतःला विचारेन, की हे माझे आहेत असे मी किती वेळा म्हटले आहे?